७४ टक्क्यांनी मेल उघडला, तरी खिडकीवर रांग

*ताई, नमस्कार. मी बाणेरला एका कंपनीत 'इंटर्नल कम्युनिकेशन' बघते. कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते, कारखाने चाकणला आणि रांजणगावला, कंत्राटी धरून २,१५० माणसं. टीममध्ये मी आणि एक डिझायनर. महिन्याचं न्यूजलेटर, टाउनहॉल (साहेबांबरोबरची सगळ्यांची सभा), पोस्टर, कँटीनच्या टीव्हीवरच्या पट्ट्या, सगळं आम्हीच करतो. १ एप्रिलपासून रजेची कागदी चिठ्ठी बंद होऊन ॲप सुरू झालं. आम्ही तीन मेल पाठवले, पोस्टर लावली, एमडींचा दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. मेलचा ओपन रेट ७४ टक्के आला! तरी ७ मे रोजी एचआरच्या खिडकीवर ही भलीमोठी रांग. रजा मांडल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून पगार कापले गेलेले. ३१२ दुरुस्त्या कराव्या लागल्या. आता एमडी विचारतात, 'तुमच्या विभागाचा नेमका उपयोग काय, आकड्यांत दाखवा.' माझे बॉस म्हणतात, वीस-बावीस आकड्यांचा डॅशबोर्ड करून टाकू, साहेब गप्प बसतील. सेल्समधली मैत्रीण टार्गेट दाखवते. मी काय दाखवू? कधीकधी वाटतं, आपण नुसती ग्रीटिंग कार्डं बनवणारी माणसं आहोत.*

*— मृ. दे., बावधन*

प्रिय मृ.,

एमडींचा प्रश्न रास्त आहे आणि तो वेळेवर आलाय. त्यांच्यावर रागावू नका. डॅशबोर्डनं ते गप्प बसतीलही, पण पुढच्या बजेटपर्यंतच. तेव्हा तुम्हाला त्याच वीस-बावीस आकड्यांचा अर्थ सांगावा लागेल आणि तो तुमच्याकडे नसेल.

आधी त्या ७४ टक्क्यांचा हिशेब करू. कंपनीचा मेल आयडी किती जणांकडे आहे? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्यासारख्या कारखान्यात तो ऑफिस स्टाफ, इंजिनिअर, सुपरवायझर यांच्यापलीकडे सहसा जात नाही. समजा सहाशे दहा जणांकडे आहे. त्यांचे ७४ टक्के म्हणजे साधारण साडेचारशे माणसं, म्हणजे २,१५० पैकी २१ टक्के. आणि रजेची कागदी चिठ्ठी भरत कोण होतं? ज्यांच्याकडे मेल नाही, ते. म्हणजे ज्यांना सांगायचं होतं त्यांना सोडून बाकीच्यांना तुम्ही तीनदा सांगितलंत.

बरं, ते साडेचारशेही खरे धरू नका. मेल उघडला की नाही हे कळावं म्हणून त्यात डोळ्यांना न दिसणारं एक इवलंसं चित्र टाकलेलं असतं. ते सर्व्हरवरून उतरलं की 'उघडला' अशी नोंद होते. आउटलुक बाहेरची चित्रं बहुतेक वेळा आपणहून उतरवत नाही, त्यामुळे मन लावून वाचणारा माणूसही कधीकधी मोजला जात नाही. उलट ॲपलच्या मेलमध्ये सप्टेंबर २०२१ पासून अशी सोय आहे की ती सुरू ठेवली, तर माणसानं मेलकडे ढुंकून पाहिलं नाही तरी चित्र परस्पर उतरतं. लिंकवरच्या क्लिकचंही तेच. कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर लिंक तपासायला स्वतःच ती उघडून पाहतं आणि तुमच्या अहवालात उत्साही वाचकांची भर पडते. हा आकडा अगदीच टाकाऊ नाही. एका महिन्याचा दुसऱ्या महिन्याशी ताडून बघायला, विषय चालला की पडला एवढा अंदाज घ्यायला ठीक आहे. पण साहेबांच्या टेबलावर तो नेऊ नका.

आता माझं खरं म्हणणं. तुमच्या कामाचा परिणाम मोजणारे आकडे कंपनीत आधीपासून आहेत, फक्त ते तुमच्या खात्यात नाहीत. ते हजेरी-रजा मांडणाऱ्या टाइम ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आहेत, सेफ्टीवाल्यांच्या निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, फायलीत आहेत, आयटी हेल्पडेस्कच्या तिकिटांत आहेत, स्टोअरमध्ये आहेत, कँटीनच्या कंत्राटदाराच्या वहीत आहेत. संवाद विभाग स्वतःचं मोजमाप स्वतःच्या खोलीत बसून करतो आणि म्हणून त्याला लाइक, व्ह्यू, ओपन एवढंच सापडतं. तुम्ही उठून त्या खिडक्यांवर जायला हवं.

सुरुवात त्या ३१२ दुरुस्त्यांपासून करा. एचआरकडून त्यांचे अर्ज मागून घ्या, टाइम ऑफिसमधला एखादा जुना माणूस शेजारी बसवा आणि कारणांप्रमाणे गठ्ठे लावा. माझा अंदाज असा की तीन-चार गठ्ठे होतील. एक, ज्यांना नवी पद्धत कळलीच नव्हती. दोन, कळली होती, पण ॲप उघडेना, कारण कंपनीच्या दप्तरी त्यांचा जुना मोबाइल नंबर होता आणि ओटीपी तिकडेच जात होता. तीन, त्यांनी अर्ज बरोबर टाकला, पण लाइन लीडरनं मंजुरी दिलीच नाही, कारण मंजुरीचं बटण आता आपल्याकडे आलंय हे त्या बिचाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. चार, सगळं ठाऊक असून 'बघू, चिठ्ठी कशी घेत नाहीत' म्हणणारे. हे पुणं आहे, असे दहा-वीस जण निघणारच.

यातला पहिला गठ्ठा तुमचा. तिसराही बराचसा तुमचा. दुसरा एचआर आणि आयटीचा, आणि तो कितीही सुंदर पोस्टर लावलं असतं तरी हलला नसता. हे गठ्ठे साहेबांना दाखवलेत की चर्चेचा सूर पालटेल. 'संवाद कमी पडला' हे वाक्य कंपन्यांत फार सोयीचं असतं. ॲप चालत नाही, पगाराचा निर्णयच पटण्यासारखा नाही, बसची वेळ मुळातच चुकीची ठरली आहे, सगळ्याचं खापर संवादावर फोडता येतं. कुठलं खापर आपलं आणि कुठलं नाही हे पुराव्यानिशी सांगता येणं ही तुमच्या कामातली पहिली कसोटी.

आता तिसऱ्या गठ्ठ्याकडे, म्हणजे लाइन लीडरकडे. चाकणला एकदा दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला जाऊन उभ्या राहा. बसमधून माणसं उतरतात, पंचिंग होतं, बूट-गॉगल चढवून माणसं लाइनजवळ गोल करून उभी राहतात. लीडरकडे पाच मिनिटं असतात. त्यात काल किती पीस रिजेक्ट गेले, आज प्लॅन किती, कोण गैरहजर, कुठल्या मशीनचं गार्ड ढिलं झालंय, हे सगळं उरकायचं असतं. शेवटी उरलेल्या अर्ध्या मिनिटात तुमचा विषय येतो. लीडर मोबाइल काढतो, त्यात तुमची पीडीएफ. तिचं पहिलं वाक्य असतं : 'सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, संस्थेच्या डिजिटल परिवर्तनाच्या प्रवासातील एक महत्त्वपूर्ण पाऊल म्हणून…' तो तिथेच थांबतो, मोबाइल खिशात घालतो आणि म्हणतो, "रजेचं काहीतरी नवीन आलंय, एचआरला विचारून घ्या." ७ मेची रांग तिथेच लागली.

त्याच्या हातात एवढंच द्यायला हवं होतं : '१ एप्रिलपासून रजेची चिठ्ठी चालणार नाही. रजा ॲपमध्ये टाकायची. मोबाइल नसेल किंवा ॲप उघडत नसेल तर टाइम ऑफिसच्या खिडकीवर टाकून मिळेल. मी मंजूर केली की तुम्हाला मेसेज येईल. मेसेज आला नाही तर रजा मांडलेली नाही असं समजा आणि मला येऊन भेटा.' हे वाचायला अर्धा मिनिट पुरतो. शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत महत्त्वाची, कारण चूक कशी ओळखायची हे त्यांत आहे. आणि हे लीडरला माणसांच्या दोन दिवस आधी मिळायला हवं, म्हणजे त्याच्या शंका त्याच्याच पातळीवर फिटतील आणि चारचौघांत त्याची पंचाईत होणार नाही. हिंदीतही द्या. चाकणच्या लाइनवर बिहार-ओडिशाची मुलं मराठवाड्याच्या मुलांच्या शेजारी उभी असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. कामगारांना कळेल अशा भाषेत सूचना लावायची ही काही नव्या जमान्याची कल्पना नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होतं की कायद्यानं लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ सहज दिसतील अशा लावाव्यात.

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या जुन्या माणसांना युनियनच्या गेट मीटिंगा आठवत असतील. पाळी सुटायच्या वेळी, म्हणजे दोन पाळ्यांची माणसं एकत्र सापडतात तेव्हा, पुढारी गेटवर उभा राहायचा. बोलायचा एकाच विषयावर. मग कोणीतरी मागून ओरडून प्रश्न विचारायचा आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागायचं. माणसं पांगली की थांबली, यावरून त्याला लगेच कळायचं की मुद्दा पोचला का. मॅनेजमेंटच्या टाउनहॉलमध्ये प्रश्न आधी लिहून मागवतात, त्यातले सोयीचे निवडतात आणि नंतर 'टाउनहॉल कसा वाटला' याला पाच चांदण्या मागतात. असो.

आता मोजायचं कसं. पहिली गोष्ट, सुरुवात करायच्या आधीचा आकडा घेऊन ठेवा. तुमच्या प्रकरणात मार्चमध्ये रोज किती चिठ्ठ्या येत होत्या हे टाइम ऑफिसला विचारायला हवं होतं. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किती चिठ्ठ्या आल्या, दुसऱ्यात किती, असं पाहत गेलात की पगार निघण्याच्या तीन आठवडे आधीच धोका दिसला असता. दर आठवड्याला एक आकडा, तोही दुसऱ्याच्या रजिस्टरमधला, फुकट.

दुसरी गोष्ट, माणसांना विचारा, पण नीट विचारा. 'माहिती मिळाली का?', 'समजलं का?' असं विचारलंत की सगळे 'हो' म्हणतात. साहेबांच्या ऑफिसातून आलेल्या बाईंना 'नाही' कोण म्हणेल? त्याऐवजी विचारा, 'उद्या रजा हवी असेल तर काय कराल?' आणि गप्प राहून ऐका. उत्तर बरोबर, अर्धवट की चूक, एवढीच खूण करा. सगळ्या २,१५० जणांना विचारायची गरज नाही. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शंभर नावं निवडा, तिन्ही पाळ्यांतून, कंत्राटी धरून. शंभर जणांच्या उत्तरात दहा टक्के इकडेतिकडे होतात, पण आपल्याला दशांश चिन्ह नकोय. चाळीस टक्के लोकांना ठाऊक आहे की ऐंशी, एवढं कळलं की काम भागतं. कँटीनमध्ये जे हसून बोलतात त्यांनाच विचारू नका, ते नेहमीच सगळं ठाऊक असलेले असतात.

तिसरी गोष्ट थोडी चलाखीची. पुढचा बदल दोन्ही कारखान्यांत एकाच दिवशी लागू करायलाच हवा का, हे विचारा. जमलं तर चाकणला आधी लाइन लीडरमार्फत करा आणि रांजणगावला पहिले दोन आठवडे नेहमीच्या पद्धतीनं, पोस्टर आणि मेलवर. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवा. दोन्ही कारखाने सारखे नसतात, चाकणचा एचआर कडक असेल, रांजणगावला तरुण पोरं जास्त असतील, तेव्हा छातीठोक दावा करू नका. पण 'हे आमच्यामुळे झालं' म्हणायला याहून बरा आधार तुम्हाला सहजी मिळणार नाही.

हे सगळं माझ्या मनाचं नाही. संवादाचं मोजमाप करणारी जगभरची मंडळी २०१० मध्ये बार्सिलोनाला जमली होती आणि त्यांनी काही तत्त्वं ठरवली, ती 'बार्सिलोना प्रिन्सिपल्स' म्हणून ओळखली जातात. त्यातलं एक असं की काय आणि किती पाठवलं यापेक्षा त्यानं काय बदललं ते मोजणं श्रेयस्कर. पुढे ती सुधारलीही गेली. तुमच्या बॉसना परदेशी नावांचं वजन वाटत असेल तर हे नाव खुशाल वापरा.

सर्वेक्षणाबद्दल दोन शब्द, कारण डॅशबोर्ड म्हटलं की कोणीतरी 'एंगेजमेंट सर्व्हे', म्हणजे माणसांचं कामात मन किती आहे याची पाहणी, काढणारच. तो 'निनावी' म्हणून पाठवायचा आणि लिंक मात्र प्रत्येकाच्या एम्प्लॉयी कोडवर उघडायची, हा खेळ कामगार पहिल्याच दिवशी ओळखतात. छोट्या विभागाचे निकाल वेगळे दाखवू नका. चार जणांच्या टूल रूममध्ये एकानं कमी गुण दिले तर तो कोण हे फोरमनला न सांगता कळतं. निदान दहा उत्तरं नसतील तर तो विभाग मोठ्या गटात मिसळा. आणि ज्यावर काही करायची तयारी नाही ते विचारूच नका. कँटीनच्या जेवणाबद्दल विचारून चार महिने काहीच झालं नाही तर पुढच्या वेळी तुम्हाला मिळणारी उत्तरं म्हणजे निव्वळ औपचारिकता. व्हॉट्सॲपवर कोणी वाचलं, कोणी नाही, अशी नावानिशी यादी काढायचा मोहही टाळा. अधिकृत ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात. खरं बोलणं लीडर नसलेल्या ग्रुपवर चालतं आणि तिथे आपण डोकवायचं नसतं.

आता धोरण. तुम्ही पत्रात ते वेगळं विचारलेलं नाही, पण एमडींच्या प्रश्नाच्या पोटात तोच प्रश्न आहे. त्यांच्याकडे आकडे घेऊन जाण्याआधी एक प्रश्न घेऊन जा : 'यंदा अशी कुठली दोन-तीन कामं आहेत, जी माणसांना नीट कळली नाहीत तर फसतील?' ते कदाचित म्हणतील, रजेचं ॲप, नवा सेफ्टी नियम आणि ऑक्टोबरमध्ये येणारी नवीन लाइन. झालं, तुमचं वर्ष ठरलं. वेळ आणि पैसा यांतला मोठा भाग त्या तीन कामांना. बाकी सगळ्याला 'जमलं तर'. आज तुमच्याकडे प्रशासन पार्किंगचा मेल पाठवायला येतं, फायनान्स टॅक्सचा, कुठला तरी विभाग आपल्या बक्षिसाचा, आणि तुम्ही सगळ्यांचं निमूटपणे 'ऑल एम्प्लॉयी'वर टाकता. एका आठवड्यात सगळ्यांना मिळून किती मेल गेले एवढं मोजा आणि तो आकडा खाली आणायची परवानगी एमडींकडून लेखी घ्या. 'नाही' म्हणायचा अधिकार मिळाला नाही तर धोरणाचा कागद कितीही चकचकीत असला तरी तुम्ही टपालखातंच राहाल.

एक सावधगिरी. जो आकडा दाखवाल, तो लवकरच कोणाचं तरी टार्गेट होईल. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात हे दाखवलं होतं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भिस्त ठेवली की तो आकडा विश्वासाचा राहत नाही. शॉप फ्लोअरवर याला अर्थशास्त्र लागत नाही. 'प्रत्येक लाइननं महिन्याला पाच निअर मिस नोंदवावेत' असं फर्मान निघालं की महिनाअखेरीस एकाच पेननं लिहिलेले पाच फॉर्म येतात : 'जमिनीवर तेल सांडले होते.' तेव्हा आकड्याबरोबर दोन-चार फॉर्म स्वतः वाचत चला, आणि लीडरच्या इन्क्रिमेंटला तुमचा आकडा जोडू देऊ नका.

साहेबांकडे न्यायचा कागद एकच पान असावा. रजेच्या ॲपचं घ्या : चिठ्ठ्या मार्चमध्ये आठवड्याला इतक्या, एप्रिलमध्ये इतक्या, जूनमध्ये इतक्या. शंभर जणांपैकी बरोबर सांगणारे आधी इतके, आता इतके. ३१२ दुरुस्त्यांचे गठ्ठे. एकेका दुरुस्तीला एचआर आणि टाइम ऑफिस मिळून पंधरा मिनिटं धरली तर ७८ तास, म्हणजे एका माणसाचे जवळजवळ दहा दिवस पाण्यात गेले. पुढच्या महिन्यात दुरुस्त्या निम्म्यावर आल्या तर वाचलेला वेळ सांगा. 'संवादामुळे उत्पादकता इतके टक्के वाढली' असलं काही लिहू नका. उत्पादनाचे साहेब समोर बसलेले असतील आणि ते दुसऱ्या वाक्याला तुमची दांडी उडवतील. पानाच्या तळाशी एक ओळ : 'यात आमचा वाटा किती हे नक्की सांगता येत नाही, पण लीडरना आधी सांगितलं तिथे चिठ्ठ्या लवकर थांबल्या.' अर्थात तसं झालं असेल तरच.

बॉसना दुखवू नका. वीस-बावीस आकड्यांचा तक्ता करा आणि तो मागे पुरवणी म्हणून जोडा. बहुतेक कोणी उलटणार नाही. आणि मैत्रिणीच्या टार्गेटचा हेवा करू नका. तिची ऑर्डर बुडाली तर मार्केट मंदावलं म्हणायची सोय तिलाही आहे.

न्यूजलेटर महिन्याऐवजी दोन महिन्यांनी काढलंत तरी कोणी जाब विचारणार नाही, पण वाढदिवसांचं आणि दहावी-बारावीत पास झालेल्या मुलांचं पान वगळू नका. तेवढं घरी नेऊन दाखवतात. ग्रीटिंग कार्डं म्हणून स्वतःला हिणवता, पण ते पान ओळखीनं वाचलं जातं, त्याच पानावर खाली रजेच्या चार ओळी छापा.

आणि एमडींच्या भेटीला टाइम ऑफिसच्या त्या माणसाला बरोबर न्या. आकडे त्याचे आहेत, आणि 'चिठ्ठ्या खरंच कमी झाल्या का?' असं साहेबांनी विचारलं, तर उत्तर त्यानं दिलेलं बरं.